अठरा पाउंड

टायरला लाथ मारून हवा बघणाऱ्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. गाडीभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक टायरला चपलेचं टोक लावायचं आणि "टाईट हाय" म्हणून मान हलवायची. असल्या लाथेने चप्पल झिजते, हवा कळत नाही. माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, याच पंथातले.

मी तेव्हा पनवेलच्या एका गॅरेजात कामाला होतो आणि खांदा कॉलनीत भाड्याने राहत होतो. लोक खिशाला पेन लावतात तसा हवेचा मीटर कायम माझ्या खिशाला असे. त्याच सुमारास जमिनींना भाव आला आणि भावोजींना शेतीचा एकाएकी कंटाळा आला. गळ्यात जाड साखळी आली, दारात कोरी पिकअप आली. त्यांच्या घराण्यात कुणी कधी होडीत पाय ठेवला नव्हता, पण आता उरणजवळच्या करंज्याच्या बंदरात स्वतःची बोट उभी असायला हवी होती. पनवेलजवळच्या नेऱ्याच्या एका फार्महाउसवर कुणा मुंबईकराची फायबरची बोट तीन वर्षं ट्रेलरवर उन्हात पडून होती. मुंबईकराची हौस केव्हाच फिटली होती, तो फक्त गिऱ्हाइकाची वाट बघत होता. भावोजींनी बोट ट्रेलरसकट घेतली.

न्यायच्या दिवशी सकाळी गावातली माणसं दोन जिपा भरून नेऱ्याला आली. हार, नारळ, अगरबत्त्या, प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. भावोजी काळा चष्मा लावून सगळ्यांना सांगत होते की पिकअपच्या मागच्या टायरांत त्यांनी दगडासारखी हवा भरून आणली आहे, कारण "वजन वडायचं हाय". आणि ट्रेलरच्या टायरांतली हवा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली होती, कारण "बोटीला धक्का नाय बसला पायजे". ऐकणारे माना डोलावत होते. पिकअप रिकामी होती, वजन सगळं ट्रेलरच्या चाकांवर होतं. एवढं नेमकं उलटं करायलाही डोकं लागत असावं.

यात काही गुपित नाही. पिकअपच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, रिकाम्या गाडीला हवा किती आणि भरलेल्या गाडीला किती, हे त्यावर लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या टायरवर आकडा कोरलेला असतो, बोट ओढायची तर तेवढी पुरी भरायची, तीही टायर थंड असताना मोजून. मऊ टायर फिरताना दर फेऱ्याला दबतो, दबून तापतो आणि तापून फाटतो. भावोजी दहावी पास होते. त्यांना वाचता येत होतं.

आरती चालू असताना मी ट्रेलरपाशी उकिडवा बसलो आणि मीटर लावला. टायरवर पन्नास कोरलेलं होतं. आत अठरा पाउंड हवा होती. दुसऱ्या चाकातही तेवढीच.

"भावोजी, ट्रेलरला हवा कमी आहे," मी म्हणालो. "पंपावर थांबून भरून घेऊ."

त्यांनी माझ्याकडे न बघता जमलेल्या माणसांकडे बघितलं. "गॅरेजवाल्याला झोपेत पन पंक्चर दिसतं. बोट हाय ती, सिमेंटच्या गोणी नाय."

सगळे हसले. मी मीटर खिशात टाकला. आणखी एक वाक्य बोलता आलं असतं. आकडा सांगता आला असता, चावी काढून घेता आली असती. मी यातलं काही केलं नाही. मी मनात म्हटलं, फुटू दे. भर रस्त्यात, या सगळ्या हसणाऱ्या दातांसमोर फुटू दे, एकदाची यांची जिरू दे.

तेवढ्यात भावोजींनी बोटीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला सांगितली. मालकीण कलश घेऊन बोटीत बसणार आणि तशीच करंज्यापर्यंत वाजतगाजत जाणार, ही त्यांची कल्पना. ताई लाजत, पदर सावरत वर चढली. खुर्चीत बसून तिने माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला.

मी मोटरसायकलवरून बोटीच्या मागोमाग निघालो. पनवेल येईपर्यंत रस्ता गावातला आहे, गाडी हळूच चालणार, पनवेलला सांगू, असं मी ठरवलं. पनवेल आलं आणि गेलं. माझ्या मागे जिपा होत्या, जिपांत तीच माणसं होती, आणि पुन्हा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. उरणच्या रस्त्याला लागल्यावर भावोजींनी वेग वाढवला. बाजूने कंटेनर गेला की बोट डावीउजवीकडे डुलायची. ताईने एका हाताने कलश धरला होता आणि दुसऱ्या हाताने बोटीची कड. मी मात्र डाव्या टायरवरून नजर हलवत नव्हतो.

चहाला सगळे थांबले तेव्हा मी टायरला हात लावला आणि झटकन काढला. तवा होता. मग मला पहिल्यांदा भीती वाटली. तरीही भावोजींना मी काहीच बोललो नाही. ताईला म्हटलं, "ऊन फार आहे, माझ्या मागे बस." ती लगेच उतरली. भावोजी कुरकुरले, मग त्यांनी कलश खुर्चीवर ठेवून दिला.

तिथून थोडं पुढे, मिठागरांच्या बाजूला, आमच्या डोळ्यांदेखत टायर फुटला. ट्रेलर आडवा झाला, बोट कुशीवर सरकत मिठागरात गेली आणि पिकअप रस्त्यावर तिरकी उभी राहिली. कुणाला लागलं नाही. खुर्ची बोटीखाली गेली होती, तिचा एक पाय तेवढा चिखलातून वर दिसत होता.

भावोजी उतरले आणि त्यांनी फाटक्या टायरला लाथ मारली. "टायरच खराब व्हता," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. मी खिशातून मीटर काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "टायर नाही, हवा. पन्नास लागते. नेऱ्याहून निघतानाच अठरा होती. मी मोजली होती."

कुणी हसलं नाही. भावोजींनी चष्मा काढला. सकाळपासून मला जे हवं होतं ते हेच, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं.

ताई बांधावर उभी राहून खुर्चीकडे बघत होती. ती वळली.

"कदी मोजलीस?"

"आरतीच्या वेळी," मी म्हणालो. मी अजून त्या गोडीतच होतो.

"मी बसायच्या आदी?"

मी मीटर खिशात ठेवला.

"त्यांना कळत नवतं," ती म्हणाली. "तुला कळत व्हतं."

मी जाऊन मोटरसायकल चालू केली. ती माझ्या मागे बसली नाही. भावोजींचा हात धरून ती मागच्या जिपेत चढली आणि त्यांच्या शेजारी बसून घरी गेली.