तिरपा पेपर

"तुमच्या पोरीला काय बाई, पस्तीस पडले तरी कुठंबी लागंल. तुमच्यात सवलत हाय. आमच्या लेकरांनी कुठं जायचं?"

पालमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत मी उभी होते. समोरच्या खुर्च्या रिकाम्या. मुख्याध्यापक सर बसा म्हणाले नाहीत.

संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा आणि माझी लेक दहावीच्या एकाच वर्गात. बोर्डाचे नंबरही मागेपुढे आले होते. ती पुढे, तो मागे. सर म्हणाले, "पोरीला सांगा, गणिताचा पेपर जरा तिरपा ठेवायचा. दुसरं काई करायचं न्हाई. आन् शाळेकडचे वीस मार्क माझ्या हातात हायत, हे तुमाला सांगायची गरज न्हाई."

मान हलली. होय म्हणून मी हलवली की भीतीने हलली, आजही सांगता येणार नाही. मी अंगणवाडी सेविका. अंगणवाडी भरते ती खोली अध्यक्षांची. ऐंशी गुण बोर्डाच्या पेपरचे, वीस शाळेचे. कशावर बोट ठेवलं जातंय ते मला लगेच कळलं.

घरी आले. लेक भाकरी खात होती. तिला सांगितलं.

"आता सांगायलीस व्हय आई? नववीपासून तिरपाच ठिवायले मी. मनगट दुखतंय म्हणलं, तर तू तेल लावून दिलंस."

"सराव परीक्षेला त्याला किती पडले?"

"माझ्यापेक्षा दोन जास्त." ती हसली. "सर म्हणले, त्याचं अक्षर चांगलं हाय."

मला हसू आलं नाही. त्या मुलाला फळ्यावर साधं वर्गसमीकरण सुटत नाही. वर्गाला माहीत. सरांना माहीत. निकालात तो तिच्या वर.

मग हे गुण कशाचे?

माझ्या दहावीला गणिताच्या पेपरात पर्यवेक्षकांनीच माझी पुरवणी उचलून मागच्या बाकावर नेली होती. कुणाची मुलगी तिथे बसली होती, ते गावाला ठाऊक होतं. आमचं घर बौद्धवाड्यात, हेही. पुरवणी परत आली तेव्हा घंटा वाजत होती. निकालात त्या मुलीला विशेष प्रावीण्य. मी कशीबशी पास. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, मला गणित येत नाही. गुणपत्रिका तसं म्हणत होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

लेकीच्या ताटात दुसरी भाकरी वाढताना उमगलं. मला गणित येत होतं.

नवरा म्हणाला, "गप ऱ्हा. एक पेपर हाय. खोली गेली तर लेकरं कुठं बसवशील?" त्याचं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. आत गेले आणि न सांगता खुर्चीवर बसले. उभी राहिले असते तर पडले असते.

"सर, माझी लेक पेपर सरळ ठेवणार."

सर म्हणाले, "वीस मार्काचं ठरलं मग."

"ठरलं. ती ऐंशीतून पास होईल."

"लय शानपन आलं व्हय बाई?"

मी उठून बाहेर आले.

पेपर अजून व्हायचा आहे. खोली रिकामी करा, असा निरोप काल आला. दाराची कडी वाजली तरी मी दचकते. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही.

अंगणवाडी लिंबाखाली भरवीन. लेकीचे वीस गुण कापले, तर बोर्डाकडे लेखी तक्रार करीन. माझ्या नावाने, खाली माझी सही. वर्गातल्या प्रत्येक मुलाला ते वीस गुण कशाचे दिले, ते विचारीन. मग कुणाचंही नाव त्यात येवो.

लेकीला जे येतं ते तिच्याच नावावर लागेल. कमी लागलं तरी चालेल. मागच्या बाकाला त्यातलं काहीही जाणार नाही.