दोघांत तिसरा

आमच्या घरात पानात तीन चपात्या वाढत नाहीत. दोन वाढतात, चार वाढतात, आणि कुणाला तीनच हव्या असतील तर तिसरीचा एक तुकडा मोडून बाजूला ठेवतात, म्हणजे ती तिसरी राहत नाही. लग्न होऊन बदलापुरात, मांजर्लीच्या या घरात आले तेव्हापासून मी हे बघते आहे. मी अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी "असं म्हणतात" म्हणून उत्तराला सुरुवात केली की मी खडू खाली ठेवते आणि विचारते, "पुरावा काय?" घरी मात्र पंधरा वर्षं तो मोडका तुकडा मुकाट्याने गिळत आले. सासूबाई वाईट नाहीत, माझ्यापेक्षा कितीतरी प्रेमळ आहेत. पण त्यांचं "तीन तिगारा, काम बिगारा" कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या मुक्या जिवांचा काही दोष नव्हता.

गिनी पिग दोन होते. सख्खे भाऊ, एक काळा, एक तांबडा. माझी मुलगी सहावीत असताना शाळेतल्या एका मॅडमनी ते तिला दिले. आता ती आठवीत आहे. त्यांची नावं तिने ठेवली होती, पण ती तिची खासगी बाब. आम्ही काळा आणि तांबडाच म्हणायचो. हॉलच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण घालून त्यांचं घर केलं होतं. सकाळी कोथिंबिरीची पिशवी वाजली की दोघं एकदम शिट्ट्या मारायला लागायचे, आणि झोपायचे ते एकाच्या पाठीला दुसऱ्याचं पोट लावून. माझी मुलगी कमी बोलणारी. शाळेतून आली की कुंपणाशेजारी बसून अभ्यास करायची, आणि आम्हाला जे सांगत नाही ते त्या दोघांना सांगायची. मी दाराआडून ऐकलं आहे. वर्गातल्या मुली तिला डब्याला बोलावत नाहीत, हे मला तिथेच कळलं. त्या दोघांचं एकत्र असणं हे तिच्या दिवसातलं सगळ्यात भरवशाचं ठिकाण होतं, हे मला माहीत होतं. माहीत असून मी केलं.

तो शनिवार होता. शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला तर आत तीन चपात्या, आणि वरचीचा कोपरा तोडलेला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "उंदीर लागला वाटतं डब्याला." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण तो कोपरा दिवसभर डोक्यात राहिला. दुपारी मुलीला स्कूटीवर मागे बसवलं आणि सुका चारा आणायला उल्हासनगरला गेले. कॅम्प चारच्या बाजारातलं ते दुकान आमच्या ओळखीचं. तिथे एका पिंजऱ्यात पांढरा गिनी पिग एकटाच बसला होता.

"मॅडम, इसका जोडीदार बिक गया," दुकानदार म्हणाला. "अकेला बैठा रहता है. आपके पास दो हैं ना? तीन हो जाएंगे, तीनों मस्त रहेंगे."

नर आहे का मादी, ते मी विचारलं. नर होता.

"मम्मी, नको," मुलगी हळूच म्हणाली. "दोन नर नीट राहतात. तिसरा आला की भांडतात."

यातलं मला फक्त तिसरा नको एवढंच ऐकू आलं.

"हे आजीने शिकवलं ना तुला?"

"नाही. मी वाचलंय. घरी वहीत लिहून ठेवलंय, दाखवते."

वही घरी होती आणि पांढरा समोर होता. मी वही बघायला थांबले नाही. जी बाई रोज चाळीस मुलांकडे पुरावा मागते, तिला तिची स्वतःची मुलगी पुरावा देत होती आणि तिने तो अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून दिला. येताना स्कूटीवर खोका पोरीच्या मांडीवर होता. आरशात ती मान खाली घालून बसलेली दिसत होती, आणि तो मला रुसवा वाटला.

सासूबाईंनी खोक्यात डोकावून बघितलं. "बाय, तीन?"

"हो आई, तीन. बघू या काय बिघडतं ते."

त्यांनी खोका परत झाकला. नवऱ्याने त्यांच्याकडे बघून मान डोलावली, माझ्याकडे बघूनही डोलावली, आणि तो कामावर निघून गेला. मुलीने वही आणून माझ्यापुढे धरली. नवीन जनावर निदान दोन आठवडे वेगळं ठेवायचं, असं तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, ठेवू वेगळं. तेवढं एक मी तिचं ऐकलं, आणि मोठा उपकार केल्यासारखं ऐकलं.

दोन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी पांढऱ्याला आत सोडलं. काळा पुढे आला, हुंगला, घुरघुरत त्याच्याभोवती फिरला. तांबडा मागेच राहिला. अर्धा तास थोडी पळापळ झाली आणि मग तिघंही चाऱ्यात तोंड खुपसून बसले. मी विजयी मुद्रेने जेवायला बसले आणि सासूबाईंच्या नाकावर टिच्चून तीन अख्ख्या चपात्या खाल्ल्या. तिसरी खरं तर जात नव्हती.

त्यानंतरचे दिवस मुलगी कुंपणाशी बसून असायची, पण पुस्तक बंद. "आज काळ्याने तांबड्याला पाण्यावरून हाकललं," ती सांगायची. मी म्हणायचे, भावाभावांत चालायचंच. "आज तांबडा एकटा झोपला." गरम होत असेल. "मम्मी, त्याने सकाळी शिट्टी नाही मारली." प्रत्येक वेळी माझ्याकडे उत्तर तयार असायचं. ती वहीत लिहायची. सासूबाई मात्र खुर्ची ओढून तिच्याजवळ जायच्या आणि विचारायच्या, "काय लिवलंस, वाच ना." ती वाचून दाखवायची, आणि त्या एकेक वाक्याला हुंकार देत ऐकायच्या. स्वयंपाकघरातून मला ते दिसायचं आणि वाटायचं, झाली दोघींची युती माझ्याविरुद्ध.

गुरुवारी संध्याकाळी मी वह्या तपासत होते. आधी दात वाजल्याचा आवाज आला, बशीवर कुणी भराभर चमचा आपटावा तसा. मग किंचाळी. मी पोहोचले तेव्हा काळा आणि तांबडा एकमेकांत गुंतून गोल गोल फिरत होते आणि हवेत केस उडत होते. पांढरा कोपऱ्यात थिजून बसला होता. त्याच्याशी कुणाचं भांडणच नव्हतं. भांडत होते ते दोघं भाऊ. मुलीने हात आत घातलाच होता, पण सासूबाईंनी तिचं मनगट धरून मागे ओढलं आणि खांद्यावरचा पंचा त्या दोघांवर टाकला. पंचा उचलला तर खाली रक्त. तांबड्याचा ओठ फाटला होता आणि पाठीवर खोल चावा होता.

तांबड्याला घेऊन आम्ही दोघी स्कूटीवरून अंबरनाथच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी टाके घातले. सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "दोन नरांचं एकदा जमलं की त्यांच्यात थोरला कोण, धाकटा कोण हे ठरलेलं असतं. तिसरा नर घातलात, ते मोडलं. दोनावर थांबायचं होतं, मॅडम."

मुलगी टेबलापाशी उभी होती. "मी सांगितलं होतं" एवढं तिने म्हणायला हवं होतं, मला हलकं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "परत एकत्र राहतील का?"

"जखमा भरू देत. महिन्याभराने नव्या जागेवर एकदा सोडून बघ. परत रक्त निघालं, तर पुन्हा कधीही नाही."

घरी आल्यावर मी पांढऱ्याला शनिवारी दुकानात परत देऊन टाकायचं म्हटलं. ज्यांना तीन नको होते त्या सासूबाईच आडव्या आल्या. "जीव हाय तो. पिशवी नाय परत द्याला." त्यांनी त्याचा पिंजरा उचलून स्वतःच्या खोलीत नेला. हॉलमधल्या कुंपणाच्या मधोमध आम्ही पुठ्ठा लावला. एकीकडे काळा, दुसरीकडे तांबडा.

तो महिना वाईट गेला. मुलगी घड्याळ लावून अर्धा तास काळ्याजवळ बसायची, अर्धा तास तांबड्याजवळ, पण त्यांच्याशी बोलायची नाही. एकाशी बोललेलं दुसऱ्याला ऐकू जाईल, अशी भीती असल्यासारखी. माझ्याशी "सही कर" आणि "डबा दे" एवढंच. मला तिची माफी मागायची होती, पण शिक्षिकेची जीभ माफी मागायला वळत नाही. त्याऐवजी मी ढोबळी मिरची आणत राहिले, पेरू आणत राहिले, रोज तांबड्याची जखम बघत राहिले. सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं. ते दोघं पुन्हा एकत्र झोपले तर मी सुटले, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी सकाळी तिने हॉल रिकामा केला. नवी धुतलेली चादर पसरली, मध्ये चाऱ्याचा ढीग, हाताशी जाड टॉवेल आणि एक पुठ्ठा. लपायला खोका ठेवला नाही, कारण एकाने आत दुसऱ्याला कोंडलं तर काढता येत नाही. हेही तिच्या वहीत होतं. या वेळी मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती.

"कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. सासूबाई खुर्चीत बसल्या, मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिने एका हाताने काळा ठेवला, दुसऱ्या हाताने तांबडा.

दोघं चाऱ्याकडे गेले. एका काडीची दोन टोकं दोघांच्या तोंडात होती. मी श्वास सोडला. मग काळ्याने मान उंच केली. तांबड्यानेही केली. नाकासमोर नाक, कोण आधी खाली घेतो ते बघत. तांबडा पूर्वी लगेच मान खाली घालायचा. त्या दिवशी त्याने घातली नाही. काळा जागच्या जागी डुलायला लागला आणि घुरघुर सुरू झाली. तांबड्याने जांभई दिल्यासारखं तोंड उघडून दात दाखवले. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"काढ गं," मी म्हणाले.

"थांब." तिचा हात पुठ्ठ्यावर होता, नजर त्यांच्यावरून हलत नव्हती. "अजून मान खाली घालेल तो."

दात वाजायला लागले, दोघांचेही. ती थांबली. मी तिच्या जागी असते तर कधीच उचललं असतं, पण ती शेवटच्या क्षणापर्यंत त्यांना संधी देत होती. मग दोघं एकदम उडाले आणि त्याच क्षणी पुठ्ठा मध्ये आला. धप्प असा आवाज झाला. रक्त निघालं नाही. तिने काळ्यावर टॉवेल टाकला आणि त्याला उचलून छातीशी धरलं.

"बस," ती म्हणाली. "आता एकेकटेच ठेवायचे. परत नाही करायचं." हा निर्णय तिने आमच्यापैकी कुणालाही न विचारता घेतला, आणि तो बरोबर होता.

तिने दोघांना आपापल्या जागी ठेवलं, चादरीची घडी घातली, सांडलेला चारा गोळा केला. मग माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "मम्मी, त्या दिवशी दुकानात माझं का नाही ऐकलंस?"

महिनाभर मी या प्रश्नाची उत्तरं जमवली होती. दुकानदाराने गळ घातली. पांढरा बिचारा एकटा होता. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

"मला आजीला खोटं पाडायचं होतं," मी म्हणाले.

मुलीने मूठभर चारा काळ्याला घातला, मूठभर तांबड्याला, आणि हात झटकले.

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली. "मी समजावलं असतं आजीला. आजी ऐकते माझं."