परडी घरी ठेवून ये

माझा थोरला भाऊ साडी नेसायचा आणि गावात त्याला कुणी हसत नव्हतं. दौलताबादजवळ आमची वस्ती. मेंढरं विकून वडील मजुरीला लागलेले. दादा तुळजाभवानीचा आराधी होता. गळ्यात कवड्यांची माळ, हातात देवीची परडी, मंगळवारी दारोदार जोगवा. बाया परडीत पीठ घालून त्याच्या पाया पडायच्या. देवीनं धरलेल्या माणसाला लग्नाचं कोण विचारणार? त्याचा जीव एका ट्रकवाल्यावर होता, हे मला एकट्यालाच माहीत होतं.

मी मोठा शहाणा. चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी आणि औरंगपुऱ्यात एका हॉलमध्ये अभ्यासवर्ग. नामांतराच्या मोर्चांत चालून चालून आम्हाला वाटायला लागलं होतं, की माणसांची मनंही आपणच बदलणार. एकदा वर्गात विषय ठरला, धर्म आणि पुरुषावर प्रेम करणारे पुरुष. त्या काळी हे चारचौघांत कुणी काढत नसे. मी फुशारकीनं म्हणालो, मी माझ्या भावालाच आणतो.

"परडी घिऊ का संगं?" दादानं विचारलं.

"नको. साडीही नको. जसा आहेस तसा ये. तिथं सगळी आपलीच माणसं आहेत."

तो माझा शर्ट घालून आला. शर्ट त्याला खांद्यात घट्ट होत होता. वर्गाचं काम घरच्यांनाही दिसावं म्हणून मी चुलतभावालाही बोलावलं होतं. माझी ही अक्कल आठवली की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वक्त्यांनी प्रेमानं विचारलं, देवी अंगात कधी आली? दादानं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच 'सांग' अशी खूण केली.

"नाय आली कधी," तो म्हणाला. "मी आधीपासून असाच हाय. देवीच्या नावावर निभत होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा लाजून हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या मंगळवारी त्याच्यासाठी एकही दार उघडलं नाही. चुलतभावानं सगळी वस्ती फिरून सांगितलं होतं. चुलत्यानं परडी काढून घेतली. मी वडिलांशी भांडलो, वर्गात ऐकलेलं सगळं बोलून पाहिलं.

"देवीचा म्हनून घरात व्हता," वडील म्हणाले. "आता कुनाचा म्हनून ठिवू?"

मी स्वतः कारखान्यातल्या पाच जणांबरोबर एका खोलीत राहत होतो आणि दादाला तिथं न्यायचं तर त्यांना त्याच्याबद्दल सांगायची माझी हिंमत नव्हती.

दादानं बोचकं बांधलं. फाट्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. एस.टी. दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "तुमच्या त्या टाळ्या वाजवनाऱ्या मानसांकडं ऱ्हायला जागा हाय का रं?"

मी त्याला सांगितलं, तो हॉल आम्हाला फक्त रविवारी मिळतो, चार ते सहा.