चौकटीवरची पेन्सिलची खूण

मी लोकांची घरं सजवण्याचं काम करते. अठरा वर्षं झाली. क्लायंटच्या गुरुजींनी सांगितलं म्हणून मी दारं फिरवली आहेत, आरसे हलवले आहेत, एकदा तर नवाकोरा ओटा फोडून समोरच्या भिंतीला नेला आहे. त्यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या ग्रुपवरचे असले विचित्र अनुभव मी जेवताना वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात हसते. त्यामुळे हे वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी मूळची लातूरची, लग्नानंतर नांदेडला. दोन वर्षांपूर्वी विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका नव्या बिल्डिंगमधलं काम माझ्याकडे आलं. चौथा मजला, दोन बेडरूम आणि एक छोटी खोली. बिल्डरने सगळं तयार करून दिलं होतं, पण फ्लॅट घेणाऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याला त्यातलं काहीच पसंत नव्हतं. सगळं नव्याने करायचं होतं.

जोडपं तरुण. नावं बदलून लिहिते — अक्षय आणि रोहिणी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. अक्षय एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर, बोलायला गोड, ‘मॅडम, मॅडम’ करणारा. त्याचे आईवडील लातूरला. रोहिणी रेणापूरजवळच्या एका गावची, शेतकऱ्याच्या घरातली, बीएस्सी झालेली. मी लातूरची म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. लगेच ‘ताई’ म्हणायला लागली.

पहिल्या मीटिंगमध्ये मी तिला विचारलं, “रोहिणी, तुला काय काय पाहिजे सांग.”

तिने अक्षयकडे पाहिलं. तो म्हणाला, “तिला काही कळत नाही मॅडम यातलं. तुम्ही मला विचारा.”

हे वाक्य मी शंभर घरांत ऐकलंय. मी वहीचं पान उलटलं आणि त्याला विचारायला लागले.

त्याच्या मागण्या अगदी स्पष्ट होत्या. त्यातली एक थोडी वेगळी होती. बेडरूमच्या दारांना बिल्डरने आतून लावलेल्या कड्या काढून टाकायच्या. छोट्या खोलीला नवं दार, पण कडी नको. बाथरूमची तेवढी ठेवा, पण बाहेरूनही उघडता येईल अशी. “लहानपणी माझा चुलतभाऊ खोलीत अडकला होता मॅडम. दार तोडावं लागलं. तेव्हापासून मला भीती बसलीय. आणि घरात दोघंच तर आहोत, कड्या कशाला?”

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

सुतारकामाला सलीमभाई होते. जुन्या नांदेडातले, वडील-आजोबांपासून सुतारकी. आमचं बारा वर्षांचं एकत्र काम. सहा आठवड्यांत काम अर्ध्याच्या वर गेलं. या सहा आठवड्यांत रोहिणी दोनदाच साइटवर आली, दोन्ही वेळेस नवऱ्याबरोबर.

मग तो मंगळवार. दुपारचे तीन वाजले होते. लाइट गेलेली, त्यामुळे कटर बंद, लिफ्टही बंद. सलीमभाई छोट्या खोलीच्या चौकटीशी बसून हाताने रंधा मारत होते. मी खिडकीपाशी लॅमिनेटचे नमुने बघत होते. मागून आवाज आला —

“ताई.”

रोहिणी दारात उभी. हिरवा साधा ड्रेस, केस मोकळे. एकटीच. चार मजले चढून आली तरी दम लागलेला नव्हता… पण हे मला नंतर सुचलं.

“अगं, ये ना. अक्षय कुठंय?”

ती थेट आत आली. छोट्या खोलीच्या चौकटीला हात लावून म्हणाली, “ताई, इथं आतून कडी बसवा.”

“अक्षय तर नको म्हणालेत.”

“बसवा की ताई. मोठी नको. पण पक्की पाहिजे.”

सलीमभाई म्हणाले, “हौ बेटी, लगा देतों. कितने पे होना?”

तिने त्यांच्या कानावरची पेन्सिल उचलली आणि चौकटीवर एक आडवी रेघ मारली. छातीच्या उंचीवर. उजव्या हाताने. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मी पाण्याची बाटली आणायला स्वयंपाकघरात गेले, परत आले तर ती नव्हती. सलीमभाई म्हणाले, आत्ताच बाहेर गेली. मी बाल्कनीतून खाली पाहिलं, दिसली नाही. पार्किंगच्या बाजूने गेली असेल म्हणून सोडून दिलं.

यानंतर मी जे केलं ते माझ्या दृष्टीने अगदी साधं होतं. ड्रॉइंगमध्ये बदल असला की मी दोघांना विचारते. म्हणजे खरं तर नवऱ्याला विचारते. मी अक्षयला फोन लावला.

“रोहिणी येऊन गेली. छोट्या खोलीला आतून कडी पाहिजे म्हणते. बसवू ना?”

 मला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही.

“कोण येऊन गेली?”

“रोहिणी. आत्ता, पाच मिनिटं झाली असतील.”

 मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “बरं. नका बसवू मॅडम.”

मी सलीमभाईंना नको म्हणून सांगितलं. ते रंधा खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, बच्चीनं स्वतः येऊन सांगितलंय.”

“घर त्यांचं आहे सलीमभाई. आपल्याला काय करायचंय.”

त्यांनी चौकट घासून ती रेघ काढली. मीच काढायला लावली.

तीन आठवड्यांनी घर ताब्यात दिलं. त्या दिवशी रोहिणी आली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात पट्टा. मी विचारलं, काय झालं गं? उत्तर अक्षयने दिलं. “लातूरला आईकडे गेलो होतो. बाथरूममध्ये घसरली. होतील आता पंचवीसेक दिवस.”

पंचवीस दिवस. मला साधा हिशोब करता आला असता. तो मंगळवार बावीस दिवसांपूर्वीचा होता. खरं सांगायचं तर मनात काहीतरी खटकलंच होतं. पण मला घराचे फोटो काढायचे होते, उजेड जात होता. मी रोहिणीला म्हटलं, “जरा बाजूला हो गं, फ्रेममध्ये येतेयस.” ती बाजूला झाली. निघताना तिने माझ्याकडे पाहिलं, ते मला राग आल्यासारखं वाटलं. कडी बसवली नाही म्हणून असेल, असं मी समजले.

पाच महिन्यांनी सलीमभाईंचा फोन आला. त्याच बिल्डिंगमध्ये त्यांचं दुसरं काम चालू होतं. “मॅडम, चौथ्या मजल्यावरची बच्ची माहेरी गेली. बहुत मारा उसको. पोलीस केस झालीय.”

पुढच्या रविवारी मी रेणापूरला गेले. कशासाठी गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. विचारत विचारत तिचा भाऊ गाठला, तो मला गावातल्या घरी घेऊन गेला. ओसरीवर रोहिणी शेंगा सोलत बसली होती. मी ‘रोहिणी’ म्हटलं तर तिने मान वर केली नाही. भाऊ म्हणाला, “हिकडून बोला ताई. त्या कानानं ऐकू येत न्हाई तिला आता.”

मी जागा बदलून बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हटलं, “त्या दिवशी तू साइटवर आलीस, तेव्हाच मला नीट सांगितलं असतंस तर…”

“कोणत्या दिवशी?”

“कडी बसवा म्हणालीस ना, त्या मंगळवारी.”

तिने हातातली शेंग सुपात टाकली. “ताई, मी त्या मंगळवारी आलेच नव्हते.  अक्षयपण सारखं ते कडीचंच काढायचा.”

भाऊ आतून दवाखान्याची फाइल घेऊन आला. लातूरचा दवाखाना. उजव्या हाताचं हाड मोडलेलं, तेही घसरून नाही, अक्षयच्या मारानं, हे घरच्यांना आता कळलं होतं. सोमवारी सकाळी भरती, मंगळवारी ऑपरेशन, शुक्रवारी सुट्टी. “मंगळवारी तीनला आत नेलं तिला,” भाऊ म्हणाला. “मी दाराशीच हुतो. साडेपाचला बाहेर आनलं.”

मी तारीख तीनदा वाचली. माझ्या साइटच्या वहीतही तीच तारीख होती.

“कडीचं मी कुणालाच बोलले नव्हते,” रोहिणी म्हणाली. “आईला पण नाही. मनात तेवढंच चालू असायचं. नव्या घरात एक तरी दार आतून लागावं. भूल देतानापण मनात तेच होतं.”

नंतरचं तिने सावकाश सांगितलं. माझा फोन आला तेव्हा अक्षय दवाखान्यातच होता. ती साइटवर जाणं शक्य नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्याने अर्थ काढला, की हिने त्या मॅडमला फोन करून सगळं सांगितलं आणि मॅडम आता खोटं बोलून आपल्याला अडकवते आहे. रोहिणी नाही नाही म्हणत राहिली. नव्या घरात राहायला गेल्यावर आठ दिवसांनी ते फोनचं पुन्हा निघालं. ती पळत छोट्या खोलीत गेली, दार लावलं आणि पाठीने दाबून धरलं. एका हाताने. पुढे दर वेळी असंच. “दार लई भारी बनवलं होतं तुमी,” ती म्हणाली. “पण ढकललं की उघडायचं.”

मी सलीमभाईंचं नाव घेतलं. म्हटलं, त्यांनीही तुला पाहिलंय, पेन्सिल त्यांच्याच कानावरची घेतलीस. ती माझ्याकडे बघत राहिली. वेड्याकडे बघावं तसं नाही. दमलेल्या माणसासारखं.

“असेल ताई. कुणीतरी आलं असेल. तुमाला ती मीच वाटले ना?”

“हो. तूच होतीस.”

“मंग मी सांगून गेल्यावर तुमी त्याला का इचारलं?”

 तिची आई चहा घेऊन आली, मी तो घेतला आणि निघाले.

सलीमभाईंना अजून विचारलं तर ते शपथेवर सांगतात की तीच होती. ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दिवसाचा गोंधळ झाला असेल. वहीत तारीख आहे, अक्षयला केलेल्या फोनची नोंद आहे, गोंधळ नाही. लाइट गेलेल्या बिल्डिंगमध्ये चार मजले चढून त्या दुपारी कोण आलं होतं, हे मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावून सांगेल अशी आशाही नाही. कुणी का असेना, तिने एवढीशी गोष्ट मागितली होती, आणि ती बसवायला सलीमभाईंना दहा मिनिटं लागली असती.