चार बोटं कमी: हुबळीत शिकलेलं चिगाँग

पितृपंधरवडा म्हणजे आम्हा कापडवाल्यांना सक्तीची सुट्टी. नवं कापड कुणी घेत नाही, दुकानात माशा मारत बसायचं. गडहिंग्लजला आमचं ब्लाउजपीस आणि ड्रेस मटेरियलचं छोटं दुकान आहे, बावीस वर्षांपूर्वी मीच उभं केलेलं. दरवर्षी या दिवसांत मी कुठंतरी भटकून येते आणि इथं लिहिते. यंदा भटकायला गेलेच नव्हते, खांदा घेऊन गेले होते.

सहा महिने माझा उजवा खांदा आखडलाय. वेणी घालता येईना, मीटरपट्टीवर कापड ओढताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, रोज हळूहळू हालचाल करा, जोर लावू नका. मी आणि हळूहळू! एकदा गिऱ्हाईकासमोरच हातातलं कापड सुटलं. रात्री जेवताना मुलगा प्रसाद म्हणाला, "आई, दसऱ्यापासून तू गल्ल्यावर बस. मापाला मी कुणी बाई ठेवतो." प्रेमानं म्हणाला हो, पण तेच जास्त लागलं. गल्ल्यावर बसून नोटा घ्यायच्या आणि माझं कापड दुसऱ्या कुणी मापायचं? मी म्हटलं, पंधरवडा संपू दे, मग ठरवू.

त्याच आठवड्यात हुबळीहून सुमाअक्काचा फोन आला. अक्का माझी मावसबहीण. तिच्या सासरचं तिथल्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान आहे, मूळचे सांगलीकडचेच लोक. तिच्या विद्यानगरच्या घराजवळ एका मैदानात सकाळी चिगाँग शिकवतात, तिचे गुडघे त्यानं सुधारलेत म्हणे. चिगाँग म्हणजे काय, तर श्वासाबरोबर सावकाश हातपाय हलवायचे, ही चीनची जुनी पद्धत. मी म्हटलं, कराटेसारखं असेल तर आधीच सांग. अक्का म्हणाली, ये तर खरं.

डॉक्टरांना विचारून घेतलं आणि निघाले. गडहिंग्लजहून संकेश्वर, तिथून हुबळीची बस. रस्ता झकास आहे, बेळगावला चहा धरून साधारण चार तास पुरतात. कर्नाटकात बायकांना बस फुकट असते हे ऐकून मी ऐटीत आधार कार्ड पुढं केलं. कंडक्टरनं ते उलटसुलट पाहिलं आणि सांगितलं की हे महाराष्ट्राचं, तिकीट काढा. शेजारची अळणावरची म्हातारी फुकट बसली होती, ती माझ्याकडं बघून गालात हसली आणि पिशवीतला पेरू काढून दिला. तेवढ्यात प्रवास वसूल झाला.

दुसऱ्या दिवशी सहाला मैदानात गेलो. आठ-दहा माणसं, बहुतेक पन्नाशीपुढची. शिकवणारे गुरुनाथसर धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात मशीनवर होते, आता निवृत्त. कारखान्यात मशीन बसवायला चीनहून आलेले लोक पाळी सुरू व्हायच्या आधी अंगणात हे करायचे. सर त्यांच्यामागं उभे राहून बघून बघून शिकले, नंतर बेंगळुरूला जाऊन नीट शिकून आले. अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलतात. फी महिन्याची असते, पण पाहुण्यांकडून घेत नाहीत.

नवख्यांसाठी सांगते: पोट रिकामं हवं, कपडे सैल, चप्पल सपाट. पहिल्या दिवशी नुसतं उभं केलं. गुडघे किंचित वाकवायचे, हात पुढं गोल धरायचे, जणू मोठी घागर कवेत घेतलीय. पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या. मला वाटलं, एवढ्यासाठी मी बस बदलून आले? मग हात पुढून वर न्यायचे, श्वास घ्यायचा, खाली आणताना सोडायचा, असं दहा वेळा. बाकीचे पाण्यात हात फिरवावेत तसे करत होते. माझे दहा कधीच उरकले होते. सर माझ्याजवळ येऊन फक्त "सावकाश री, अक्का" एवढंच म्हणाले (तिकडं सगळ्याच बायका अक्का). मला इतका राग आला की काय सांगू.

घरी अक्कानं ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी वाढली. कडक, पापडासारखी भाकरी, मी तीन हाणल्या. संध्याकाळी मात्र अक्का खाली गेल्याचं बघून मी गच्चीवर सकाळचं सगळं पुन्हा केलं, दुप्पट केलं. दसऱ्याला दिवस किती उरले होते! प्रत्येक वेळी हात वर गेला की शेवटी अजून थोडा, अजून थोडा रेटायचा. वाटलं, असंच सुटेल.

सकाळी तांब्या उचलेना. खांदा ठणकत होता. अक्काच्या पुढ्यात बसून मी घळाघळा रडले, म्हटलं, संपलं आता, बसते गल्ल्यावर. अक्कानं मला पोटभर रडू दिलं. मग डावा हात धरून मैदानात नेलं, म्हणाली, करू नकोस, नुसती बघ.

वर्ग संपल्यावर सरांनी मला डाव्या, चांगल्या हातानं तीच हालचाल करायला लावली. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा हात थांबवला आणि विचारलं, "अक्का, कापडाचं दुकान आहे काय तुमचं?"

मी चाटच पडले. अक्कानं सांगितलं होतं का विचारलं, तर तिनं मान हलवली, नाही. सर हसून म्हणाले की त्यांची सासुरवाडी कापडवाल्यांची. हात जाईल तिथं गेला की तुम्ही वर आणखी थोडा देता, हे दुकानातून आलेलं आहे.

खरंच की. आमच्यात मापून झालं की तसंच कापायचं नसतं. मीटरला बोट लावायचं आणि वर चार बोटं जास्त देऊन मग कात्री घालायची. कापड आटलं तरी गिऱ्हाईकाचं कमी पडू नये. दुकान उघडलं त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला हे शिकवलं होतं. बावीस वर्षं प्रत्येक मापाच्या शेवटी माझ्या हातांनी ती चार बोटं दिलीत, न विचार करता. तीच सवय मी दुखऱ्या खांद्याला लावत होते.

सर म्हणाले, "कापड देताना चार बोटं जास्त द्या. हात नेताना चार बोटं कमी न्या. दुखायच्या अलीकडं थांबा, तिथं श्वास घ्या, परत या."

दोन दिवस खांद्याला विश्रांती दिली. पहिल्या दिवशी अक्काबरोबर दुर्गदबैलात गेले. हातगाड्या, रिक्षा, धान्याची पोती यांतून वाट काढत दुकानात पोचायचं म्हणजे तोच एक व्यायाम. पंधरवड्यामुळं तिथंही शुकशुकाट. अक्काचे यजमान गादीवर बसून अस्तराचं कापड मापत होते. मी नुसते त्यांचे हात बघत राहिले. शेवटी चार बोटं सरकली आणि मग कात्री. मला हसू फुटलं. ते विचारत राहिले, काय झालं, माप चुकलं काय? मी म्हटलं, तुमचं नाही, माझं चुकत होतं. कोपऱ्यावर गिरमीट, म्हणजे तिकडची चुरमुऱ्यांची भेळ, आणि मिरची भजी खाल्ली. दोघींचं पन्नास रुपयांत भागलं. तिखट खायची तयारी ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिगरी बसनं धारवाडला गेलो. ही बस स्वतःच्या वेगळ्या रस्त्यानं सुसाट पळते, ट्रॅफिकची कटकट नाही. पेढे घेतले, मग साधनकेरीच्या तळ्याकाठी बसलो. अक्का बाकावर लवंडली. मी झाडाखाली उभी राहिले. कुणी बघत नव्हतं, आकडा मोजला नाही. श्वास घेत हात उचलला. दुखेल असं वाटलं तिथल्या अलीकडंच थांबले, श्वास सोडला, खाली आणला. पुन्हा तेच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अक्कानं हाक मारली तेव्हा लक्षात आलं की माझा हात कानाशेजारी होता. सहा महिन्यांत तो इतका वर गेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी पेढ्यांचा पुडा तिथंच फोडला.

आणखी चार सकाळी मैदानात गेले. एक दिवस हात थोडा वर, एक दिवस थोडा खाली. सरांनी बजावलं की हे महिन्यांचं काम आहे, दुखलं तर थांबायचं आणि डॉक्टरांकडं जायचं. निघताना मी त्यांना ब्लाउजपीस द्यायला लागले, तर म्हणाले की ते माझ्या बायकोला द्या, मला फक्त रोज वीस मिनिटं द्या.

घरी येऊन आज चार दिवस झाले. खांदा बरा झालेला नाही, खोटं कशाला बोलू. वरच्या फळीपर्यंत हात पोचत नाही, वेणी अजून हे घालून देतात आणि वाकडी घालतात. पण सकाळी गच्चीवर वीस मिनिटं उभी राहते. घाई माझ्या अंगातून गेली नाही, पण येताना आता ओळखू येते.

काल घटस्थापनेला दुकानात पहिली गर्दी झाली. प्रसाद मापाला उभा होता, मी गल्ल्यावर. एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं की माझं कापड काकूंनीच मापायचं. मी उठले. श्वास घेतला, कापड पट्टीवर सावकाश ओढलं, खांदा दुखायच्या अलीकडं थांबले, कापड पुढं सरकवून घेतलं आणि उरलेलं मापलं. ती बाई काही घाईत नव्हती. घाई नेहमी मलाच असायची. शेवटी मीटरला बोट लावलं, वर चार बोटं दिली आणि कात्री घातली.

प्रसाद बघत होता.  आपल्या हातातली पट्टी त्यानं खाली ठेवली आणि जाऊन गल्ल्यावर बसला.