मावशीचा अंगठा

ऑफिसात कुणी चिक्कीचा डबा उघडला, की गुळाच्या वासासरशी मला कुसगावचं ते चिक्कीचं दुकान आठवतं. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीत तिथे काउंटरवर उभी राहायचे. त्या रविवारी पर्यटकांची झुंबड उडाली होती, मागे भट्टीवर गूळ रटरटत होता. गिऱ्हाइकं भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे भरत होती, पण मालकांच्या मोबाइलवर पैसे आल्याचा एकही मेसेज वाजेना. "रेंज गेली असेल," ते म्हणाले, आणि मीही मान डोलावली. आमचं बोलणं ऐकून आत डब्यांना लेबलं लावणारी मावशी हात पुसत बाहेर आली. तिने कोडकडे नीट पाहिलंही नाही, फक्त त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "भाऊ, ह्यो आपला न्हाई. ह्याच्या खाली अजून एक हाय." सुरीच्या टोकाने तिने वरचा स्टिकर अलगद सोलला, आणि खाली दुकानाचा खरा कोड! कुणीतरी स्वतःचा कोड वर चिकटवून गेलं होतं. सकाळपासून तो माझ्या नाकासमोर होता. मी बघतच राहिले. "मावशी, कसं काय कळलं?" "दिसभर लेबलंच चिकटवती की. कागद एक का दोन, बोटाला कळतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "असले चोर धरायचं तुमच्या कॉलेजात शिकवत्यात का?" पुढे मी तेच, म्हणजे सायबर सुरक्षा, शिकले. आता माझ्याकडे नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुली "मला यातलं फारसं येत नाही" म्हणत अंग चोरून बसतात, तेव्हा मी कॉम्प्युटर बाजूला सारते आणि विचारते, "तुझ्या बोटांना काय कळतं, ते सांग."