राजवीरचा कापडी बैल

नसरीनबाईंच्या नोकरीला वीस वर्षं झाली. उचगावातल्या शाळेत त्या चौथीच्या पोरांकडून दरवर्षी हरवलेल्या खेळण्यावर कविता लिहून घेतात. नियम एकच: खेळणं आता कुठं असेल ते मनानं रचायचं, आणि रचलेल्यात कुणी चूक काढायची नाही. हेडमास्तर कुरकुरतात, "बाई, पाढे घ्या की जरा!" बाई मान डोलावतात आणि आपलंच खरं करतात.

यंदा पृथ्वीराजचा भोवरा जोतिबाला जाऊन गुलालात न्हाऊन आला. वर्ग खदखदून हसला. निशिगंधाचं पान मात्र कोरंच राहिलं.

"माझं हरवल्यालं न्हाय बाई, ठेवल्यालं हाय."

"मग उद्या घेऊन ये की!" बाई सहज बोलून गेल्या, आणि पोरीला रडू कोसळलं.

मग कळलं. तिचा दोन वर्षांचा भाऊ राजवीर पावसाळ्यात तापानं गेला होता. एवढ्या लहानग्याला पुरतात. पुरताना आईनं त्याच्या कुशीत त्याचा कापडी बैल ठेवला होता. तेव्हापासून घरात राजवीरचं नाव निघालं, की आई उठून आत जायची.

आपण काय बोलून बसलो, हे बाईंच्या जिवाला लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निशिगंधाला जवळ बसवलं. "ठेवलेल्या खेळण्याचीही कविता होते. बैल तिथं काय करत असेल, तेवढं लिही."

पोरीनं चार दिवस लावले. मग वही पुढं करून म्हणाली, "आईला तुम्हीच वाचून दावा. मी वाचली तर ती उठून जाईल."

बाई वही घेऊन तिच्या घरी गेल्या. दुखऱ्या जागी आपण पुन्हा बोट ठेवतोय, असंच त्यांना वाटत होतं. आई मेथी निवडत बसली होती. बाईंनी वाचलं:

"बैल म्हणतो, मी घरी येत न्हाय,
हितं मला काम हाय.
राजवीर माझं शिंग धरून निजलाय.
मी हललो तर त्यो उठंल."

आईचा हात थांबला. पण ती उठली नाही. म्हणाली, "शिंग न्हवं. शेपूट धरून निजायचा त्यो." आणि तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली.

निशिगंधानं बाईंकडं पाहिलं. चूक काढायची नाही, हा नियम बाईंचाच. बाईंनी आपलं पेन तिच्या हातात दिलं. ती आईला टेकून बसली आणि तिनं 'शिंग' खोडून तिथं 'शेपूट' लिहिलं.